एका कपाटात दोन चोरकप्पे

कोणत्याही घरात मला घोटभर पाणी द्या आणि त्यांचं लोखंडी कपाट एकदा बोटाने ठोकून बघू द्या. त्या घरात नवरा-बायकोचं पैशाचं कसं चाललंय ते मी सांगतो. ज्योतिषाला हे जमणार नाही. तो पत्रिका बघतो, आणि पत्रिकेत बाईने पैसे कुठे ठेवलेत ते लिहिलेलं नसतं.

मी जन्मभर कपाटं बनवली. दुसरं काही केलं नाही आणि करावंसं वाटलंही नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गुरुजींनी दया केली म्हणून. धुळ्याला एका उस्तादाकडे पत्रा कापायला शिकलो, त्याच्या शिव्या खाल्ल्या, मग जळगावला येऊन स्वतःची शेड टाकली. आता ती शेड मुलगा बघतो. तो बाहेरून तयार कपाटं आणून विकतो आणि शेडला शोरूम म्हणतो. मी तिथे दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि आलेल्या प्रत्येक कपाटाला नावं ठेवतो. मुलगा म्हणतो, ‘नाना, गिऱ्हाइकासमोर नका बोलू.’ गिऱ्हाइकासमोर नाही बोलायचं तर मग कोणासमोर बोलायचं?

ज्यांनी कपाट नुसतं वापरलं आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्रा जाड लागतो. तो कापायचा, कडा वाकवायच्या, कोपरे वेल्डिंगने जोडायचे, घासून गुळगुळीत करायचं आणि मग रंग. दाराचं हँडल फिरवलं की आतल्या सळया वर, खाली आणि बाजूला सरकल्या पाहिजेत, आवाज न करता. आत फळ्या, साड्या टांगायला नळी, आणि मधोमध छोटी तिजोरी. तिला सगळे लॉकर म्हणतात. आता मला सांगा, चोर घरात शिरला तर आधी कुठे हात घालील? लॉकरमध्येच. म्हणून शहाणा माणूस लॉकरमध्ये लाइटची बिलं आणि पोरांचे जन्मदाखले ठेवतो, आणि पैसा चोरकप्प्यात.

चोरकप्पा म्हणजे पत्र्यामागे पत्रा. बाहेरून पाहिलं तर काही नाही. कुठे दाबायचं, कुठे सरकवायचं ते माहीत असलेल्यालाच तो उघडतो. माझा चोरकप्पा पोलिसांनाही सापडला नव्हता, एवढंच सांगतो. तो कपाटात नेमका कुठे असतो ते इथे लिहिणार नाही. हे छापून येईल तो अंक बऱ्याच घरांत जातो.

लोकांना वाटतं चोरकप्पा चोरासाठी असतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग लक्षात आलं की चोरकप्पा सांगायला नवरा-बायको कधीच जोडीने येत नाहीत. कपाट घ्यायला दोघं येतात, रंग दोघं बघतात, आरसा दारावर पाहिजे की नको यावर भांडतातही. पण चोरकप्प्याचं बोलायला एकटं कोणीतरी दुसऱ्या दिवशी परत येतं. चोर बाहेरून येतो असं फक्त पोलिसांना वाटतं.

यातही हंगाम असतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणपोळी खातात. त्या दिवसांत माझ्या शेडवर नवऱ्यांची रांग. कोणाला कपाटाचा पाय बदलायचा असतो, कोणाला बिजागरीला तेल द्यायचं असतं. अख्खं कपाट टेम्पोत घालून तेल द्यायला आणणारा नवरा मला काय सांगणार आहे, ते मला टेम्पो वळतानाच कळायचं. बायकांना असा हंगाम नाही. त्या वर्षभर येत, नवऱ्याच्या ड्यूटीच्या वेळा पाहून.

एकदा दीपनगर कॉलनीतलं एक जोडपं आलं. दोघांना नोकरी, दोघांना पगार. ते जोडीने आले तेव्हा मी चाटच पडलो. त्यांना एका कपाटात दोन लॉकर पाहिजे होते, एक त्याचा, एक तिचा, अगदी सारखे. बाईंनी पर्समधून टेप काढून दोन्ही मोजले. मी म्हटलं, ‘छान आहे. भांडणच नको.’ पुढे कुलूप अडकलं म्हणून त्यांच्या घरी गेलो, तर दारात दूधवाला उभा. साहेब म्हणत होते या महिन्याचं दूध मॅडमकडे, मॅडम म्हणत होत्या दही साहेबच खातात. दूधवाल्याने माझ्याकडे बघून हात जोडले. त्यापेक्षा चोरकप्पेवाले बरे, त्यांच्याकडे दूधवाल्याचे पैसे तरी कोणीतरी देतं.

पण मला सांगायचं आहे ते सरला आणि गोकुळचं.

सरलाचे वडील उखाआबा धरणगावकडचे शेतकरी. पोरीच्या लग्नात आंदण द्यायला कपाट पाहिजे म्हणून माझ्याकडे आले. आमच्यात कपाट मांडवात उभं करतात, सगळ्यांनी बघावं म्हणून, आणि मुलीचा बाप कपाटाची किल्ली सगळ्यांसमोर व्याह्याच्या हातात देतो. टाळ्या वाजतात, फोटो निघतो. उखाआबांनी रंग ठरवला, मग तंबाखू मळत बराच वेळ बसून राहिले. शेवटी म्हणाले,

“मिस्तरी, किल्ली तं व्याहीना हातमा जाई. मना पोरना हातमा काय राही?”

मी म्हटलं, “चोरकप्पा ठेवतो ना, आबा.”

“दखाडाना कोनले?”

“तुम्ही म्हणाल त्याला.”

“फक्त पोरले. माले बी नको सांगू. मी बाप शे तिना, पन मना पोटमा काही राहस नही.”

मी शब्द दिला. लग्नाच्या सकाळी मी स्वतः गावी गेलो. कपाट ट्रॉलीतून उतरवून मांडवामागे ठेवलं होतं, त्याला लाल रिबिन बांधलेली. सरलाला हळद लागलेली. तिला कपाटापाशी बोलावून एकदाच दाखवलं. तिने मान हलवली नाही, ‘समजलं’ म्हटलं नाही, सरळ हात घातला आणि कप्पा उघडून दाखवला. आत पत्र्यावर तिच्या बोटांची पिवळी हळद उमटली. ती पोर हुशार आहे हे मला तिथेच कळलं. उखाआबा लांब उभे होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी शब्द पाळला. पुढे ते वारले, पण तोवर त्यांनी मला त्या कप्प्याबद्दल एका अक्षराने विचारलं नाही.

गोकुळ जळगावला पाइपांच्या कारखान्यात कामाला. माणूस सरळ, फक्त खिसा सैल. मित्राने मागितलं की द्यायचा. एक भिशी बुडाली त्यात त्याचे पैसे गेले, ते सरलाने ऐकलं आणि लक्षात ठेवलं. सरला उन्हाळाभर ऑर्डरचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, आणि उडदाचे पापड करायची. त्या पैशातलं काही धरणगावला तिच्या भावाला जातं, असं गोकुळला वाटायचं. विचारलं तर भांडण होईल म्हणून त्याने कधी विचारलं नाही. नुसतं वाटूनच घेत राहिला.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर एका आखाजीला गोकुळचा टेम्पो माझ्या शेडसमोर वळला.

“नाना, हँडल ढिलं झालंय.”

“हँडलसाठी अख्खं कपाट आणलं?”

त्याने इकडे-तिकडे बघितलं. “घरची धरणगावला गेली आहे.”

“ते आखाजीवरून समजलं.”

“नाना, एखादा कप्पा… म्हणजे तुमच्याकडे असतो म्हणे…”

“असतो.”

“ओव्हरटाइमचं जरा बाजूला ठेवावं म्हटलं. घरात दिसलं की संपतं हो. आणि तिला नका सांगू.”

मी त्याला चहाला पाठवून दिलं आणि कपाटासमोर उभा राहिलो. सरलाचा कप्पा मी उघडला नाही. ते माझं काम नाही. बोटाने ठोकला. रिकामा पत्रा टणटण करतो, भरलेला बसका बोलतो. तो बसका बोलला. मी मनात म्हटलं, सरला, तुझं बरं चाललंय. मग गोकुळसाठी दुसरा कप्पा केला, तिच्यापासून लांब. एक वर, एक खाली. एकाच कपाटात दोन चोरकप्पे मी त्याआधी कधी केले नव्हते, आणि कारागिरी म्हणून सांगतो, दोन्हींचा एकमेकांना पत्ता लागणार नव्हता. हँडल घट्टच होतं. तरी त्याला एक चक्कर फिरवून दिलं, म्हणजे त्याला घरी खोटं बोलावं लागू नये.

त्या कपाटासमोर त्यांचा संसार झाला. मुलगी झाली, शाळेत जाऊ लागली. घर भाड्याचं, दोन खोल्या आणि वर गच्ची, तिथे सरला बिबडे वाळत घाले. घरमालक राजस्थानकडचे जुने व्यापारी, त्यांना सगळे शेठजी म्हणत. शेठजींना मुलाकडे सुरतेला कायमचं जायचं होतं. त्यांनी घर विकायला काढलं आणि पहिला शब्द भाडेकरूंना दिला. “आप इतने साल से रहते हो, तुम्ही घ्या,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत बयाणा द्या. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.” दुसरा माणूस खरंच तयार होता. तो येऊन गच्चीचं माप घेऊन गेला होता. बँकेचं कर्ज मिळत होतं, पण आपल्या पदरचं जे घालावं लागतं तेवढं दोघांकडे नव्हतं. म्हणजे दोघं तसं म्हणत होते.

त्याच आठवड्यात सरलाचा फोन आला. “नाना, कपाटाचं दार लागत नाही. येता का?”

मी गेलो. जमिनीची एक फरशी खचली होती, कपाट एका बाजूला कललं होतं, म्हणून दार घासत होतं. पातळ पत्र्याची चकती पायाखाली घातली असती तर चहा यायच्या आत काम संपलं असतं. पण खोलीत दोघांचं सुरू होतं. मी आलो म्हणून ते थांबले नाहीत. कपाटवाल्याला बघून लोक थांबत नाहीत, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे.

“तुझ्याकडे काहीच नाही?” गोकुळ म्हणत होता. “उन्हाळाभर बिबडे लाटते. ते पैसेही गच्चीवर वाळत घातले का?”

“पापडाचं येतं ते तुमच्या चहा-साखरेत जातं. ओव्हरटाइम कुठे जातो ते सांगा ना आधी.”

“ओव्हरटाइम काय, कंपनी देते आणि पेट्रोल पंपवाला घेतो.”

“मग पेट्रोल पंपवाल्यालाच सांगा घर घ्यायला.”

“तुझ्या भावाला विचार. त्याच्याकडे असतील आपले.”

“माझ्या भावाचं नाव काढू नका. भिशीत कोणी घातले होते? माझ्या भावाने?”

मुलगी दप्तर घेऊन दारात बसली होती. ती म्हणाली, “आई, मग आपण कुठे राहायला जाणार?” सरलाने पदराने डोळे पुसले आणि गोकुळ खिडकीतून गच्चीच्या जिन्याकडे बघत राहिला.

मी कपाट ठोकलं. वर ठोकलं, बसका आवाज. खाली ठोकलं, तोच आवाज. दोघंही आधी दुसऱ्याने काढावं म्हणून वाट बघत होते. त्याला वाटत होतं तिच्याकडे आहे, तिला वाटत होतं त्याच्याकडे आहे. दोघांचंही खरं होतं. आणि शनिवार जवळ येत होता. दोघांमध्ये मी उभा, दोघांचा शब्द माझ्या गळ्यात. बोललो तर मेलेल्या उखाआबांना काय तोंड दाखवू? नाही बोललो तर ही पोर दप्तर घेऊन कुठल्या तरी तिसऱ्याच गल्लीत.

मी म्हटलं, “पाया गेलाय. कपाट शेडवर न्यावं लागेल.”

“नको!” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवसात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

“इथेच करा ना, नाना,” सरला म्हणाली.

“चाललंय तसं चालू द्या, नाना,” गोकुळ म्हणाला. “दाराचं काय, दोरीने बांधू.”

“माझ्या हाताचं कपाट दोरीने बांधायचं? उद्या दुपारी टेम्पो येईल. आतलं सगळं काढून ठेवा. सगळं.”

पाया गेलेला नव्हता. दोघांचं तोंड बघून मला हसू येत होतं, पण मी हसलो नाही. कारागिराने गिऱ्हाइकासमोर हसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडतो तोच सरला आली. हातात स्टीलचा डबा. वरच्या खणात भाजी, खालच्या खणात फडक्यात बांधलेलं पुडकं.

“नाना, हे कपाट परत येईपर्यंत तुमच्याकडे ठेवा.”

“माझ्याकडे का? भावाकडे ठेव.”

“भावाकडे ठेवलं तर भाऊ विचारेल कुठून आले. शेजारी ठेवलं तर गल्लीला कळेल. तुम्हाला तर माहीतच आहे. माहीत असलेल्याला वेगळं काय सांगायचं?”

“नवऱ्याला द्यायचं.”

“त्यांनी आधी काढले तर मी देईन,” ती म्हणाली. “मी आधी काढले तर ते म्हणतील, बघा, होतेच हिच्याकडे, आणि आयुष्यभर म्हणतील.”

ती गेली. चहाचा कप खाली ठेवला नव्हता तोच गोकुळ आला, ड्यूटी संपवून, तसाच कंपनीच्या कपड्यांत. घरी जाऊन आला होता. शर्टाच्या आतून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली, रबराने गुंडाळलेली.

“नाना, दोन दिवस ठेवा. तुम्हाला तर माहीतच आहे.”

मी विचारलं, “बायकोला द्यायचं ना.”

“तिने काढले तर मी देतोच की. पण आधी मी काढले तर ती म्हणेल, इतकी वर्षं लपवलं.”

“लपवलंच ना?”

“नाना, तुम्ही पण ना,” म्हणून तो निघून गेला.

टेबलावर डबा आणि पिशवी. माझं वय झालं, पण असा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. नवरा-बायकोचा एकमेकांवर नाही आणि दोघांचा कपाटवाल्यावर. दुपारी आमच्या घरची जेवणाचा डबा घेऊन आली. तिने दोन्ही पुडकी बघितली आणि कोणाची ते मी सांगायच्या आत ओळखलं.

“दोन कुलपं केली की असंच होतं,” ती म्हणाली. “एकच कुलूप घाला.”

“एका कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, तो राजा.”

“मग एका कुलपाला दोन किल्ल्या करा. एवढे मिस्तरी म्हणवता.”

हे मला आधीच सुचलेलं होतं. फक्त तिला सांगितलं नव्हतं.

कपाट आलं. मी दोन्ही चोरकप्पे कापून काढले. वरचा कापताना आतल्या पत्र्यावर फिकट पिवळा डाग दिसला, बोटाएवढा. मशीन बंद केलं आणि डागावरून एकदा बोट फिरवलं. मग मशीन परत सुरू करून कापलं. काम म्हणजे काम. मग लॉकरला नवं कुलूप बसवलं. बँकेत असतं तशा जातीचं, दोन किल्ल्यांचं. पहिली किल्ली फिरवून धरून ठेवायची, तेव्हा दुसरी फिरते. एक सोडली की दुसरी अडते. असं कुलूप मी जन्मात एकदाच केलं. एवढ्याशा दारात ते बसवणं काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. लॉकरमध्ये दोन्ही पुडकी ठेवली, शेजारी शेजारी.

शुक्रवारी कपाट घेऊन मी स्वतः गेलो. दोघंही घरी होते. मी एक किल्ली सरलाला दिली, एक गोकुळला. “उघडून बघा. कुलूप नवीन आहे.”

“साधं का नाही बसवलं, नाना?” गोकुळ म्हणाला.

“तू किल्ली फिरव आणि धरून ठेव. सरला, आता तू.”

दार उघडलं. आत फडक्याचं पुडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी. दोघांनी बघितलं. आपापलं ओळखलं, हे तोंडावर दिसत होतं. पण कोणी तोंड उघडेना. आपलं म्हणावं तर लपवलं होतं हे कबूल होतं.

शेवटी सरला म्हणाली, “हे कोणाचं आहे?”

“मला काय माहीत?” गोकुळ म्हणाला. “नाना, तुमचं राहिलं का आत?”

“मला वाटतं नानांचंच असेल,” सरला म्हणाली.

मी म्हटलं, “बरं. कोणाचंच नसेल तर मी घेऊन जातो. मुलाला शोरूमला एसी बसवायचा आहे.” आणि हात घातला.

दोघांचे हात माझ्या हाताच्या आधी आत गेले. सरलाच्या हातात पिशवी आली आणि गोकुळच्या हातात फडकं. म्हणजे घाईत दोघांनी दुसऱ्याचंच धरलं. मग दोघांनी हातातल्याकडे बघितलं. फडक्याची गाठ बघून गोकुळ म्हणाला, “ही तर तुझ्या जुन्या साडीची किनार.” सरला म्हणाली, “आणि हे रबर तुमच्या डब्याचं. म्हणून डबा सांडायचा.” मुलगी टाळ्या वाजवायला लागली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काही तरी बरं झालंय एवढं कळलं.

आता तुम्हाला वाटेल, दोघांनी माझे पाय धरले असतील. कसलं काय! आधी ते माझ्यावर उलटले.

“नाना, माझ्या कप्प्याचं मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं,” गोकुळ म्हणाला.

“मी कोणाला सांगितलं? एक शब्द बोललो?”

“बोलला नाहीत, पण करून तर ठेवलं.”

सरला आवाज न चढवता म्हणाली, “माझ्या बाबांना शब्द दिला होता तुम्ही.”

हे लागलं. मी म्हटलं, “तुझ्या बापाने मला सांगितलं होतं की पोरीच्या हातात काहीतरी राहू दे. उद्या घर राहील.” माझं बरोबर होतं, आजही मी तेच म्हणेन. पण उखाआबांसमोर हेच बोललो असतो का, ते मला सांगता येत नाही.

शनिवारी बयाणा गेला. शेठजींनी पैसे घेतले, मुलीच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, “मी म्हणालो होतो ना, घरातच निघेल.” हे ते नुसतं व्यापारी म्हणून बोलले, का त्यांनाही काही ठाऊक होतं, मी विचारलं नाही. पुढे खरेदी झाली, दोघांच्या नावावर.

वास्तुशांतीचं आमंत्रण मला आलं नाही. गल्लीत सरलाने सांगितलं असावं की नानांच्या पोटात काही राहत नाही, कारण त्यानंतर त्या भागातून चोरकप्प्याचं एक काम माझ्याकडे आलं नाही. येईना का! मी न बोलावता कोणाकडे जाणारा माणूस नाही. पण नव्या कुलपाला वेळेवर तेल द्यावं लागतं, आणि हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून एक दिवस तेलाची बाटली घेऊन गेलो.

गोकुळ ड्यूटीवर होता. सरलाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

“या, नाना.”

घराला बाहेरून रंग दिलेला. कपाट तिथेच, फरशी नवीन. मी किल्ल्या मागितल्या. तिने दारामागच्या खिळ्यावरून काढून दिल्या. दोन्ही एकाच कडीत.

माझं डोकंच फिरलं. “दोन किल्ल्या कशासाठी केल्या मी? एक तुझ्याकडे, एक त्याच्याकडे. एकाच कडीत घालून खिळ्यावर टांगायच्या होत्या तर साधं कुलूप काय वाईट होतं?”

“सारखं शोधत कोण बसतं, नाना?”

“आणि चोर आला म्हणजे?”

“येऊ दे. त्याला काय मिळेल? सगळं या भिंतींमध्ये गेलं. बँकेचा हप्ता गेला की आमच्याकडे लपवायला काही उरतच नाही.” आणि ती हसली. लग्नाच्या सकाळी कप्पा उघडून दाखवला तेव्हाही ती हसली नव्हती.

मी कुलपाला तेल दिलं. त्याच्या आत काय ठेवलंय ते बघायचा मला अधिकार नव्हता, पण तेल द्यायचं तर दार उघडावंच लागतं. आत बिबडे होते. लॉकरभर, थप्पी लावून. सरला म्हणाली, उंदीर दुसरीकडे कुठेच सोडत नाहीत, इथे मात्र शिरत नाहीत, तुमचं काम पक्कं आहे.

चहा झाला. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, “थांबा, थोडे घेऊन जा घरी.” लॉकर मी बंद केला होता. तिने कडीतून एक किल्ली सोडवली, फिरवून धरून ठेवली, मग दुसरी लावली, आणि दोन्ही हात गुंतले म्हणून लॉकरचं दार मला उघडायला सांगितलं.